ताईच्या स्वयंपाकघरातून जाणारा कॅसिनो

वडनेरच्या पुढे हायवेला लागून माझ्या भाऊजींचं लॉज आहे. समोर हायवे, मागे नदी आणि मधे भाऊजींच्या कल्पना. पाटीवर 'लॉजिंग-बोर्डिंग, एसी रूम्स' असं लिहिलेलं आहे, त्यातलं बोर्डिंग तेवढं खरं. वर चार खोल्या आहेत. एकीला एसी आहे, पण तो सुरू केला की बाकीच्या तिघींचे दिवे जातात, म्हणून तो कोणी सुरू करत नाही. हैदराबादकडे जाणारे ट्रकवाले थांबतात ते माझ्या ताईच्या हातच्या पाटोडी-रश्श्यासाठी, म्हणजे बेसनाच्या वड्या आणि झणझणीत रस्सा. तिचं स्वयंपाकघर मागच्या बाजूला, नदीकडे तोंड करून आहे. ती लग्न होऊन आली तेव्हा तिथे गोठा होता. तिने तो झाडला, सारवला, पुढे फरशी घातली, आणि नदीच्या बाजूची कुडाची भिंत काढून विटांची पक्की भिंत बांधून घेतली. त्या भिंतीला तिने मोठी खिडकी ठेवली. बाकी सगळं लॉज भाऊजींच्या वडिलांनी बांधलेलं. ती एक भिंत ताईची, आणि ही सगळी हकिकत त्या भिंतीचं काय झालं याची आहे.

भाऊजी माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांना रिकामं बसवत नाही आणि काम करवत नाही, एवढंच. या दोन्हींच्या मधे जे उरतं त्याला ते धंद्याची आयडिया म्हणतात. कोरफड झाली, इमू झाले. इमूंपैकी एक कुंपण तोडून पळाला, आणि तो मोठी आंजी गावात दिसला असं कोणी नुसतं म्हटलं तरी भाऊजी अजून गाडी काढतात. या सगळ्या काळात ताई सकाळी उठून बेसन घोटत होती. घर बेसनावर चाललं होतं आणि चर्चा इमूवर.

मी गोव्यात एका यार्डात काम करतो. तिथे बार्जा बांधतात आणि दुरुस्त करतात. आमच्या जिल्ह्यात पोहणं शिकवायचं म्हणजे पोराला विहिरीत ढकलून वरून सल्ले देतात, अशा जिल्ह्यातला माणूस बोटी बांधतो याचं गोव्यातल्या लोकांना नवल वाटतं. मलाही वाटतं. एका वर्षी भाऊजी हिंगणघाटच्या चार मित्रांबरोबर गोव्याला आले. मित्रांना समुद्र पाहायचा होता, भाऊजींना कॅसिनो. नदीत उभ्या असलेल्या त्या झगमगत्या बोटीवर ते संध्याकाळी गेले आणि सकाळी माझ्या खोलीवर आले. किती हरले ते मी विचारलं नाही, कारण चेहऱ्यावर पराभव नव्हता. चेहऱ्यावर आयडिया होती.

"बोट हॉटेलले कशी जोडते?" त्यांनी विचारलं.

इथे मी तोंड बंद ठेवायला हवं होतं, पण स्वतःच्या कामाबद्दल कोणी विचारलं की माणसाला चेव येतो. मी त्यांना यार्डात नेलं. कॅसिनोची बोट ही खरी बोट नसतेच, असं मी त्यांना समजावलं. खाली पोलादी पत्र्याची एक चपटी पेटी, तिच्यात वेगवेगळे कप्पे, म्हणजे एका कप्प्यात पाणी शिरलं तरी बाकीचे तारून नेतात. त्या पेटीवर बांधायचा दिवाणखाना. वजन नीट वाटावं लागतं, कारण हरणारी माणसं पांगतात आणि जिंकणाऱ्याभोवती सगळे गोळा होतात, तेवढ्याने बोट एका अंगाला झुकते. यार्डातल्या एका जुन्या साहेबांकडून ऐकलेली अमेरिकेची गोष्टही मी सांगितली. तिकडे काही ठिकाणी कायदा म्हणाला जुगार फक्त नदीवर खेळा. मग लोकांनी नदीच्या काठी खड्डा खणला, त्यात नदीचं पाणी घेतलं, त्यावर दिवाणखाना तरंगवला आणि शेजारच्या हॉटेलातून झाकलेला पूल टाकून दिला. दोन्हीकडे एकच गालिचा. गिऱ्हाइकाला जमीन कुठे संपली ते कळत नाही.

"कळतच नाई?" भाऊजी म्हणाले.

"नाई. पन भाऊजी, खरं काम त्या पुलात आहे," मी म्हणालो. पाणी चढतं-उतरतं, हॉटेल जागच्या जागी राहतं. म्हणून पुलाला काठाच्या बाजूला बिजागरी लागते आणि बोटीच्या बाजूला चाकं, म्हणजे बोट वर गेली की पूल तिच्याबरोबर सरकतो. बोट बांधायची तीही दोराने आवळून नाही. नदीच्या तळात लोखंडी पाइप ठोकायचे आणि बोटीला मोठ्या कड्या लावून त्या पाइपांवर ओवायच्या. कडी पाइपावर खाली-वर सरकते, बोट इकडेतिकडे जात नाही. विजेची तार, पाण्याची नळी, सगळ्याला सैल पोट ठेवायचं. भाऊजींनी हे सगळं मान हलवत ऐकलं. त्यांच्या डोक्यात फक्त गालिचा राहिला, हे मला पुढे कळलं.

पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी मी तीन महिन्यांची लांब रजा घेऊन घरी आलो तेव्हा काम ठरलेलं होतं. नदीवर खाली बंधारा झाल्यापासून लॉजच्या मागे बाराही महिने पाणी असतं, तेवढ्यावर भाऊजींनी अमेरिका गाठली होती. मी म्हणालो, आपल्याकडे जुगाराला बंदी आहे.

"जमिनीवर," भाऊजी म्हणाले. "पान्यावर कोनं लिवलं?"

एका लग्नात त्यांनी वकिलाला गाठून विचारलं होतं. वकील जेवत होते, ते 'पाहू' म्हणाले. भाऊजींच्या लेखी तो हायकोर्टाचा निकाल. तरी मी फार डोकं खाल्लं तेव्हा त्यांनी दोन सुधारणा केल्या. पाटीवर कॅसिनोऐवजी 'फॅमिली फ्लोटिंग क्लब' असं लिहायचं, आणि पैशाऐवजी कूपन. जो जिंकेल त्याला कूपनावर जेवण. दारूचा प्रश्न नव्हता, कारण आमचा जिल्हाच दारूबंदीचा आहे, म्हणजे दारू मिळते, फक्त तिचं दुकान नसतं. एकूण हिशेब असा, की जगातला हा एकमेव कॅसिनो ज्यात माणूस नशीब फळफळून शेवटी ताईच्या हातची पाटोडी जिंकणार होता. ती तर समोरच्या दाराने आलं तर तशीही मिळते. हे ताईला अर्थातच कोणी विचारलं नव्हतं.

बोट बांधायला दिली सिंदी रेल्वे या गावच्या एका कारखान्यात. तिथे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनतात. मी कागदावर आखून दिलं आणि मालकाने ते भक्तिभावाने भिंतीला चिकटवून नेहमीसारखी ट्रॉली बनवायला घेतली. काम चांगलं होतं, ते मान्य करायला हवं. पेटीचे कप्पे पक्के होते, वेल्डिंगमधून थेंब झिरपला नाही. फक्त पुढच्या बाजूला त्याने ट्रॅक्टरला जोडायचा हूक लावला होता. मी विचारलं हा कशाला. तो म्हणाला, "राहू द्या जी, कामी येईन. बिना हुकाची वस्तू बरी नाई दिसत." मागे त्याने सवयीने 'हॉर्न प्लीज' लिहून घेतलं होतं. भाऊजींना ते आवडलं, म्हणून तेही राहिलं. वर पत्र्याचा हॉल, आत निळे दिवे, तीन पत्त्यांचं गोल टेबल, आणि कॅसिनोत फिरणारं चाक असतंच म्हणून सायकलच्या रिमला खिळे मारून आकडे लिहिलेलं एक चाक.

मग एका दुपारी भाऊजी हातात चुन्याच्या फक्कीची पिशवी घेऊन स्वयंपाकघरात शिरले. चपला घालूनच. शेतात आखणी करतात तशी त्यांनी पांढरी रेघ ओढायला सुरुवात केली, जेवणाच्या हॉलपासून सरळ, ओट्याच्या पायापासून, भट्टीच्या अंगावरून, थेट खिडकीखाली. ताई भट्टीपाशी होती. तिने झारा बाजूला ठेवला आणि रेघ संपेपर्यंत वाट पाहिली.

"हे काय होय?" तिने विचारलं.

"लॉबी," भाऊजी म्हणाले. "इथून सरळ बोटीवर. भिंत पाडली का झालं."

"अन् मी कुठं जाऊ?"

"तुले रोडच्या बाजूनं टिनाचं शेड टाकून देतो ना. मस्त हवा येते तिकडून."

"हायवेची," ताई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "काऊन रे, तू तं मोठा बोटी बांधते. तुले दुसरीकडून रस्ता नाई दिसला?"

दिसला होता. इमारतीला वळसा घालून कुंपणाच्या कडेने पूल सहज गेला असता. मी तिथल्या तिथे भाऊजींना जागा दाखवली. भाऊजी म्हणाले, कस्टमरला वळवलं की तो घरी जातो. अमेरिकेत सरळ आहे. मी म्हणालो, अमेरिकेत मधे कोणाची भट्टी नसते. त्यावर ते हसले, जणू मी विनोद केला. मला त्या वेळी त्यांचा राग आला, अगदी हात शिवशिवण्याएवढा आला. ज्या बाईच्या बेसनावर यांचे इमू जगले, तिला हे हायवेवर बसवत होते, आणि वर हवा मस्त येते म्हणून सांगत होते.

बरंच वाजलं आमचं. शेवटी तोडगा निघाला तो असा: पोळ्याला उद्घाटन व्हायचंच, तोपर्यंत भिंत पाडायची नाही, खिडकीच्या जागी तात्पुरतं दार बसवायचं आणि लोक स्वयंपाकघरातून जातील. भिंत पोळ्यानंतर पाडू. भाऊजींना वाटलं त्यांनी मोठं मन दाखवलं. खिडकी काढली त्या दिवशी ताईने दोघांनाही चहा दिला, पण स्वतः घेतला नाही. काठाकडच्या बिजागरीसाठी पुलाचा आधार त्या भिंतीच्याच पायात घ्यावा लागला, कारण बाकी जमीन भुसभुशीत होती. मी तो घेतला. दुसऱ्या कोणाकडून करून घेतला असता तर भिंत त्याच दिवशी बसली असती.

पोळ्याचं कारण सांगायला हवं. पोळ्याला आमच्या भागात दोन गोष्टी होतात, बैलांची पूजा आणि पत्ते. वर्षभर पत्त्यांना हात न लावणारा माणूसही पोळ्याला पानं धरतो, नाहीतर वर्ष कोरडं जातं म्हणे. त्या दिवशी पोलिसांची गाडी गावोगाव फिरते, म्हणून लोक नाल्यात नाहीतर पऱ्हाटीत बसतात, कपाशीच्या ओळीत मांडी घालून, वरून पाऊस आणि खालून किडे. भाऊजींचं म्हणणं, त्यांना निळ्या दिव्याखाली खुर्ची दिली तर ते आयुष्यभर आपले. अडचण एकच होती. पोळ्याला पूजा कशाची करायची? बैल विकून भाऊजींनी ट्रॅक्टर घेतला होता. गेल्या पोळ्याला तोरणाखाली ट्रॅक्टर उभा केला तेव्हा गावातले लोक गालात हसले होते, आणि भाऊजींच्या शेतावरच्या सालदाराला, म्हणजे सालगड्याला, ते फार लागलं होतं. त्याची हयात त्या बैलांच्या मागे गेली होती. यंदा त्यानेच सुचवलं की पूजा बोटीची करू.

पोळ्याच्या दिवशी जनरेटरचा पट्टा तुटला, तो आणायला मी हिंगणघाटला गेलो. परत आलो तर बोट बैल झाली होती. सालदाराने आणि दोन मजुरांनी तिला नदीच्या पाण्याने धुतलं होतं, अंगावर झूल टाकली होती, पुढे बाशिंग, बाजूला बेगड, कडेला घुंगरमाळा. हुकाला हळद आणि लोणी चोळलं होतं, बैलाच्या खांद्याला चोळतात तसं, खांदेमळणी म्हणून. समोर ताटात पुरणपोळी होती. इथपर्यंत मी हसत होतो. मग माझं लक्ष मी तळात ठोकलेल्या पाइपांकडे गेलं. माझ्या कड्या काढून काठावर रचून ठेवल्या होत्या. पोळ्याला जनावराला जुनं दावं ठेवत नाहीत. वेसण नवी, कासरा नवा. त्या रीतीने त्यांनी बोटीला नवे कोरे कासरे लावले होते, आणि काठावर खुंटे ठोकून त्यांना आवळून, दुहेरी गाठ मारून, अगदी आखूड बांधली होती.

"हे कोणं केलं?" मी विचारलं.

सालदार पुढे आला. त्याला शाबासकीची अपेक्षा होती. "नवं जनावर हाय, भाऊ. पह्यल्या पोळ्याले आखूडच बांधा लागते. नाई तं हिंडते."

"अबे ते बोट आहे."

"म्हनूनच तं," तो म्हणाला.

मी कासरे सोडायला वाकलो तर भाऊजी आडवे आले. पोळ्याचा कासरा पोळ्याच्या दिवशी सोडत नाहीत, अपशकुन होतो, उद्या सोड म्हणाले. आणि जाता जाता त्यांनी मला आणखी एक आनंदाची बातमी दिली. पुलाची बोटीकडची चाकं खडखडत होती, गिऱ्हाइकाला वाटेल पूल तुटला, म्हणून त्यांनी सिंदीच्या माणसाला बोलावून ती वेल्डिंगने बंद करून टाकली होती. "आता पाह्य," ते पुलावर उडी मारून म्हणाले, "जरासा हालत नाई."

"तो हलाले पाह्यजे ना भाऊजी. पानी चढलं तं?"

"आभाय पाह्य," भाऊजी म्हणाले. आभाळ खरंच स्वच्छ होतं. आमच्या नदीला इथल्या आभाळाशी काही देणंघेणं नाही, ती वरच्या पावसावर चालते, हे नदीकाठी जन्मलेल्या माणसाला मी काय सांगणार होतो? मी सांगितलं तरीही. ते कोट घालायला निघून गेले.

संध्याकाळी गावातला पोळा फुटला, तोरणाखालचे बैल पांगले आणि पाहुणे यायला लागले. जिनिंगवाले, बी-बियाण्यांचे दुकानदार, भाऊजींबरोबर गोव्याला आलेले मित्र, इस्त्रीचे कपडे आणि खिशात पत्त्यांची नवी पानं. समोरच्या दाराने आत, हॉलमधून सरळ, आणि तिथून स्वयंपाकघरात. तिथे ताई उभी होती. सणाचं सगळं केलेलं, पुरणपोळी, वडे, कढी, आणि मोठ्या गंजात पाटोडीचा रस्सा रटरटत होता. तिने कोणाला अडवलं नाही. तिने फक्त प्रत्येकाला विचारलं, "जेवले का?"

आमच्याकडे या प्रश्नाला 'हो' म्हणायची पद्धत नाही. पहिला पाहुणा ओट्याला टेकून उभ्याउभ्या खाऊ लागला, दुसऱ्याने पाट ओढला, मग पंगतच बसली. फक्कीच्या रेघेवर दोन्ही बाजूंनी माणसं मांडी घालून बसली आणि रश्श्यावर रस्सा मागू लागली. भाऊजी तिकडे बोटीवर, निळ्या दिव्याखाली, कोट घालून, सायकलचं चाक एका हाताने फिरवत एकटे उभे. मधेच दारात येऊन ते म्हणत, "या ना, तिकडं सुरू करू." पाहुणे म्हणत, "आलोच भाऊ, एवढी पोई संपू द्या." मला त्या क्षणी जो आनंद झाला तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

पाणी आलं ते आवाज न करता. आधी नदीचा रंग बदलला, मग पळसाच्या फांद्या आणि शेतातला कचरा वाहत येऊ लागला. बोटीचा काठाकडचा भाग कासऱ्यांनी खाली धरलेला, त्यामुळे ती वर न येता काठाकडे कलू लागली. आतलं टेबल घसरून भिंतीला लागल्याचा आवाज झाला. भाऊजी उतरण उतरल्यासारखे तोल सावरत पुलावर आले. त्यांच्या मागे प्रवाहाने बोटीला खालच्या अंगाला ओढायला सुरुवात केली होती. चाकं वेल्डिंग केलेली. पूल सरकणार कुठे? त्याने बोटीचा सगळा ताण आणून भिंतीच्या पायाशी ठेवला.

दाराच्या कोपऱ्यातून एक भेग निघाली आणि तिरपी वर गेली. पोपडे पडले. ताईने आधी रश्श्यावर झाकण ठेवलं. मग पंगतीला म्हणाली, "उठा जी, हॉलमधे बसा," आणि लोक पत्रावळी हातात घेऊन निमूट हॉलमधे गेले.

मी बाहेर धावलो. बिजागरीची खीळ उपटली तर पूल भिंतीपासून सुटला असता, पण ताणामुळे ती घट्ट रुतली होती. कासरे कापले तर बोट उसळून वर येईल, क्षणभर ताण कमी होईल, तेवढ्यात खीळ निघेल आणि बोट जाईल. मी हे ओरडून सांगितलं. सालदार खुंट्याला मिठी मारून बसला. पोळ्याचा कासरा कापायचा नाही, बैल मरते, असं तो म्हणत होता, आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"थांबा जरासे," भाऊजी म्हणाले. "पानी उतरन."

ताई दारात आली होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला विचारलं, "पानी उतरेपर्यंत भिंत राहीन का?"

"नाई," मी म्हणालो.

"बोट सोडली तं?"

"बोट जाईन. भिंत राहीन."

ती भाऊजींकडे वळली आणि थांबली. भाऊजींनी बोटीकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग परत बोटीकडे. भेग चौकटीच्या वर गेली आणि एक वीट सुटून ओट्यावर पडली. भाऊजी म्हणाले, "भिंत काय, परत बांधता येते."

ताई आत गेली आणि कोथिंबीर कापायचा विळा घेऊन बाहेर आली. येताना दुसऱ्या हातात वरवंटा होता, तो तिने माझ्या हातात दिला. सालदाराला ती म्हणाली, "सरका दादा, तुम्हाले लागन," आणि तो सरकला. पहिला कासरा तिने दोन घावांत कापला. दुसरा कापला तशी बोट उसळली, पूल कण्हला, मी वरवंट्याने खीळ खालून ठोकली आणि ती उडून नदीत गेली. बोट फिरली. जनरेटरची तार ताणून तुटली आणि निळे दिवे विझले. झूल, बाशिंग आणि मागे पूल फरफटत ती बंधाऱ्याच्या दिशेने निघाली, आणि नजरेआड झाल्यावरही बराच वेळ तिच्या घुंगरमाळा ऐकू येत होत्या. ताईने विळा धुतला आणि आत जाऊन उरलेल्यांना रस्सा वाढला.

बोट बंधाऱ्याच्या भिंतीला तिरपी टेकलेली सापडली. पाणी उतरल्यावर ती ट्रॅक्टरने ओढून काढली, आणि कबूल करायला हवं की त्या हुकाशिवाय ती निघाली नसती. आता ती शेतात आहे, सालदार तिच्यात कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, भरतो. हिंगणघाटचे लोक अजूनही फोन करून विचारतात की यंदा बोट कोणत्या गावच्या पोळ्याला जाणार. भाऊजी काही दिवस वरच्या एसीच्या खोलीत जाऊन राहिले, एसी न लावता. खाली जेवायला येत ते हॉलमधे बसून जेवत आणि वर जात. ताई त्यांचं ताट नेहमीसारखं पाठवत होती. भांडण झालं नाही. मला वाटतं भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, निदान भाऊजींना 'भिंत परत बांधता येते' हे वाक्य मागे घ्यायची संधी मिळाली असती. ताईने ते ऐकलं होतं. तिने मिस्त्रीला बोलावलं नाही. भेग तशीच होती. सकाळी तिच्यातून उजेडाची एक रेघ भट्टीवर पडायची.

मी गोव्याला परत निघायच्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवत होतो. ताई परातीत थापलेलं बेसन सुरीने चौकोनी कापत होती. तेवढ्यात हॉलकडच्या दाराशी भाऊजी येऊन उभे राहिले. एका हातात कालवलेल्या सिमेंटचं घमेलं, दुसऱ्या हातात थापी, सदरा मळलेला. भाऊजींनी स्वतः सिमेंट कालवलेलं मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं, आणि ते थोडं पातळ झालं होतं. त्यांनी चपला बाहेर काढल्या होत्या. उंबऱ्याच्या आत पाय टाकायला त्यांनी उचलला, आणि परत मागे घेतला.

"येऊ का आत?" त्यांनी विचारलं.

मी घास हातात धरून बसलो. इतक्या वर्षांत त्या घरात हा प्रश्न ताईला कोणी विचारलेला मी ऐकला नव्हता. तिनेही ऐकला नसावा, कारण तिची सुरी थांबली. मग तिने सुरी परत चालवली, एक ओळ, दुसरी ओळ, मान वर न करता.

"थांबा," ती म्हणाली. "माहं झालं नाई अजून."

भाऊजींच्या हातातलं घमेलं जड होतं, ते त्यांनी खाली ठेवलं नाही. ते उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले.